आधी पायांवर

आमच्या नागोठण्यात शॉवर विकत घ्यायची गरज नाही, असं माझं जुनं मत आहे. जूनमध्ये तो वरून आपोआप सुरू होतो आणि नवरात्राच्या आसपास आपोआप बंद होतो. कॉक नाही, मिक्सर नाही, प्लंबरची मनधरणी नाही. जोर मात्र आपल्या हातात नसतो. आंबा नदीच्या मनात आलं की ती बाजारपेठेतून फेरफटका मारते, एसटी स्टँडात शिरते आणि परतताना चिखल ठेवून जाते. इतक्या पाण्याच्या गावात माणसाने घराच्या भिंतीला आणखी एक पाऊस का टांगून घ्यावा, हा प्रश्न महामार्गालगतच्या नव्या इमारती बघताना मला पडतो. पण टांगून घेतात. शॉवर नसलेलं बाथरूम हल्ली कुणी पाहुण्याला दाखवत नाही.

दाखवतात खरं, पण वापरतात किती, हे मी पाहुणी म्हणून जाईन तिथे बारकाईने बघून ठेवलेलं आहे. बहुतेक घरांत त्याच्या दांडीला ओला पंचा वाळत असतो आणि बरोबर खाली बादली नि मग. घरमालकाला विचारावं तर तो म्हणतो, "वापरतो की, रविवारी." म्हणजे शॉवर हे रविवारच्या मटणासारखं झालं. तेही दर रविवारी होत नाही.

मला स्वतःला शॉवर सोसत नाही. त्याचे थेंब अंगावर आले की लग्नात मागच्या रांगेतून कुणी नेम धरून अक्षता मारतंय असं वाटतं. एकेक दाणा वेगळा कळतो, आणि पुढचा कुठे बसणार हे कळत नाही. बरीच वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते काही दुखणं नव्हतं. बादली होती, तांब्या होता, काम भागत होतं. ते सांगायची वेळ आली ती माझ्या भाचीच्या मुलामुळे.

हा मुलगा सात वर्षांचा. सुट्टी लागली की मायलेक ठाण्याहून येतात. चिरंजीव एरवी गुणी. तासन् तास मुंग्यांची रांग बघत बसतात, आमसुलाचं सार मागून पितात, एसटीच्या फलाटावरची सगळी गावं क्रमाने म्हणून दाखवतात. पण आंघोळीची वेळ झाली की आळीला कळायचं. अशी किंकाळी की एकदा समोरचे काका दार वाजवून, "काही मदत हवी का?" असं विचारून गेले. साबणाने रडायचा, टॉवेलने रडायचा, आणि डोक्यावरून पाणी म्हटलं की सरळ पलंगाखाली.

निदानं भराभर झाली. आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "लाडावलाय." शेजारणीने पाण्याची भीती बसलीये असं ठरवून नदीला नारळ वाहायला सांगितला. आणखी एकीने मीठमोहऱ्या आणल्याच. भाचीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "मावशी, तो नखरे करत नाहीये गं. त्याला खरंच लागतं."

तिला हे ठाण्यातल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने समजावून सांगितलं होतं. काही मुलांना स्पर्श, आवाज, वास, उजेड आपल्यापेक्षा किती तरी जास्त जाणवतात. कानात, नाकात, कातडीत दोष नसतो. आत येणाऱ्या खबरींची छाननी करून, "हे बिनमहत्त्वाचं, सोडून दे" असं म्हणणारं मेंदूतलं खातं ढिलं चालतं. मग सदऱ्याच्या मागचं लेबल दिवसभर टोचतं, मिक्सर लागला की मूल कान दाबून घराबाहेर पळतं. अमेरिकेत जीन आयर्स नावाच्या थेरपिस्ट बाईंनी या विषयाची नीट मांडणी केली; त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ सालचं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांमध्ये हे आढळतं, इतकं की २०१३ साली निदानाचं जे अमेरिकन पुस्तक नव्याने निघालं त्यात ते लक्षणांमध्ये घातलं गेलं. पण असं प्रत्येक मूल ऑटिझमचं असतं असंही नाही. नुसतीच हळवी कातडी घेऊन आलेली माणसंही असतात. साठीला पोचतात, आणि ललित लेख लिहितात.

टेम्पल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकन प्राध्यापिकेने आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे, की केस धुताना धुणाऱ्याच्या बोटांना शिवणकामातले अंगुस्ताने घातलेले आहेत असं तिला वाटे. हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी जन्मभर घरातल्या यच्चयावत पोरांची डोकी शिकेकाईने खसाखसा चोळलेली. त्या थोडा वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आम्ही काय सगळे कातडीने बहिरे होतो?"

प्रश्न चोख होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ऑक्युपेशनल थेरपी हे नाव आपल्याकडे अजून जिभेवर बसलेलं नाही, पण ती महाराष्ट्रात नवी नाही. तिचं भारतातलं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात निघालं, आणि ते काढणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर. जन्माने त्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या. त्यांच्या सूनबाई म्हणजे लेखिका जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्वे या त्यांच्या विहीणबाई. हे नातं कळल्यावर मला उगाचच आनंद झाला. मराठी माणसाला कुठलाही विषय नातेवाईक निघाल्याशिवाय आपला वाटत नाही. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. रोजची साधी कामं, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, आंघोळ करणं, माणसाला स्वतःची स्वतः करता येणं हाच ज्याचा गाभा, असं हे शास्त्र. मला ते फार सभ्य शास्त्र वाटतं. औषधाआधी ते विचारतं, तुमची मोरी कशी आहे?

आता मोरीकडे त्या मुलाच्या बाजूने बघितलं तर काय दिसतं? खाली टाइल्स, चारी बाजूंना टाइल्स, म्हणजे आवाजाला लपायला जागा नाही. बादलीत नळ पडला की घुमतं. वर एग्झॉस्ट फॅन घरघरतोय. फिनेलचा वास आहे, त्यात लव्हेंडरचा साबण. उजेड पांढराशुभ्र, तो टाइल्सवरून उलटून डोळ्यांत. अंगावर कपडा नाही, पायाखाली ओलं. आणि अशात वरून, न सांगता, शंभर ठिकाणी एकदम हलका हलका मार. या सगळ्यात हलका हा शब्द फसवा आहे. आपल्याला वाटतं हळुवार म्हणजे सुखाचं. पण अशा कातडीला निसटता, भुरभुरता स्पर्श जास्त छळतो. दाबून, ठाम केलेला स्पर्श उलट निववतो. डोकं मागे टाकून डोळे मिटायला लावलं की काहींना तोल गेल्यासारखं, पडतोय असंच वाटतं. पलंगाखाली जाऊन बसणं हा मग त्यातल्या त्यात शहाणपणाचा निर्णय ठरतो.

शॉवरचा जन्म कुठल्या घरात झाला हे पाहिलं की त्याच्या स्वभावाचा उलगडा होतो. फ्रान्समध्ये रुआं गावच्या तुरुंगात मेरी दलाबोस्त नावाचे डॉक्टर होते. (मेरी हे इथे पुरुषाचं नाव आहे.) एकेका कैद्याला टबात बसवून धुण्यात पाणी, वेळ नि सरपण फार जातं म्हणून त्यांनी १८७२ च्या सुमारास कैद्यांना ओळीने उभं करून वरून पाणी सोडायची सोय केली. थोड्याच वेळात पुष्कळ माणसं स्वच्छ. मग ही युक्ती सैन्यांनी उचलली. त्याच्याही आधी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांतून गार पाण्याचा मारा हा उपचार होता, आणि रुग्णाने ऐकलं नाही तर शिक्षाही. म्हणजे ज्याच्यावर पाणी पडतं त्याला काय वाटतं, हा प्रश्न या यंत्राच्या जन्मपत्रिकेतच नव्हता. तेच यंत्र आपण चकचकीत क्रोमियम चढवून पोरांच्या डोक्यावर आणून ठेवलं.

इथे कुणाला वाटेल की मी आता घंगाळ, बंब आणि गेले ते दिन गाणार. तसं नाही. आपल्या जुन्या आंघोळी पुष्कळ आडदांड होत्या. नरकचतुर्दशीला पहाटे काळोखात उठवून, थंडीने काकडत असताना खरखरीत उटणं फासायचं, डोळ्यांत शिकेकाई, कानाशी फटाके, पायाखाली कडू कारीट फोडायचं नि वर ते जिभेला लावायचं, आणि याला सण म्हणायचं. हळव्या मुलाच्या पाचही इंद्रियांना एकाच वेळी गाठायचं म्हटलं तर याहून नेमका बेत आखता येणार नाही. घासायला वजरी होती. रडलं तर, "रडू दे, छाती मोकळी होते" असं शास्त्र होतं.

पण बाळंतिणीच्या घरी बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई आठवा. पाय पसरून पाटावर बसायची, बाळ दोन पायांच्या खोबणीत पालथं. तेल लावायची ते दाबून, भरल्या हाताने. बोटं भुरभुरायची नाहीत. क्रम रोज तोच. आधी पाय, मग पोट, पाठ, आणि डोकं अगदी शेवटी, कपाळावर आडवा हात धरून, म्हणजे पाणी डोळ्यांत उतरत नाही. आणि या सगळ्याआधी विसण. कढत पाण्यात गार पाणी घालत घालत, कोपर बुडवून बघत, मनासारखं झाल्याशिवाय बाळाला हात लावायची नाही. धुरीचा तिचा नाद मला मान्य नाही. तो धूर कुणाच्याच छातीला बरा नाही. बाकी तिने जे केलं, तेच आता थेरपिस्ट कागदावर लिहून देतात: ठाम स्पर्श, ठरलेला क्रम, डोकं शेवटी, पाणी आधी तपासून. ती बाई तेव्हा शेर-दोन शेर तांदूळ नि लुगड्यावर हे करत होती, तिच्या कानावर मात्र ही बातमी कुणी घातली नाही.

तांब्याची खरी करामत आणखी वेगळी आहे. तांब्या उचलताना दिसतो. पाणी येणार हे डोळ्यांना आधी कळतं, मग अंगाला. एक तांब्या पडला की मध्ये श्वास घ्यायला जागा असते. आणि तो तांब्या मुलाच्या हातात दिला, तर कधी, कुठे आणि किती हे सगळं त्याचं त्याला ठरवता येतं. शॉवरमध्ये ही जागाच नाही. माझं सगळं भांडण एवढंच आहे. यंत्राशी नाही, त्याचा कॉक कुणाच्या हातात आहे याच्याशी.

या बाबतीत मला पाठिंबा मिळाला तो अगदीच अनपेक्षित ठिकाणाहून. मदतीला धावून आलेले ते समोरचे काका धाटावच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात नोकरीला होते. आमच्या पट्ट्यात घरटी एखादा तरी माणूस कंपनीतला असतो. नागोठण्याचा कारखाना मुळात आयपीसीएलचा, २००२ मध्ये ती कंपनी रिलायन्सकडे गेली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी आयपीसीएलच. काकांना मी चहावर शॉवरपुराण ऐकवत होते, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही सेफ्टी शॉवर बघितलाय का?"

अॅसिड किंवा तसलं काही अंगावर उडालं तर कामगाराने धावत जाऊन ज्याच्याखाली उभं राहायचं, तो सेफ्टी शॉवर. जिथे धोका तिथून दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे. दांडी ओढली की सेकंदाभरात पाणी सुरू, आणि हात सोडला तरी सुरूच, कारण हात कपडे उतरवायला मोकळे हवेत. त्याच्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं थांबायचं. हे सगळं ज्या अमेरिकन मानकात लिहिलं आहे, आणि जगभर ज्याचा दाखला देतात, त्यात पाण्याचं तापमानही दिलेलं आहे: साधारण १६ ते ३८ अंश सेल्सियस, म्हणजे कोमट.

"कोमट कशाला?" मी विचारलं. "तिथे काय आंघोळीची हौस आहे?"

"गार असलं तर माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो हो," काका म्हणाले. "कातडी जळत असली तरी थांबत नाही. फार गार नाही, फार कढत नाही, तर थांबतो."

मी चहा खाली ठेवला. अॅसिडने भाजलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसालासुद्धा पाण्याखाली थांबवायचं असेल तर आधी पाणी सोसवेल असं करावं लागतं, हे इंजिनियरांनी नियमावलीत घातलं आहे. आणि आपण सात वर्षांच्या पोराला हाताला धरून ओढतो. काकांनी हे ऐकलं आणि खूश होऊन आणखी एक गोष्ट सांगितली: नवीन माणूस कामावर आला की अपघाताच्या आधीच त्याला तो शॉवर दाखवतात, दांडी कशी ओढायची हे करून दाखवतात. "घाबरलेला माणूस नवीन काही शिकत नाही," असं त्यांच्या सेफ्टी ऑफिसरचं म्हणणं. मग दुसऱ्या दिवशी आम्ही कोरड्या अंगाने, कपडे घालून, चिरंजीवांना बाथरूमची सहल घडवली. त्यांनी प्रत्येक नळ उघडून बंद केला. एक तास गेला. आंघोळ झाली नाही, पण किंकाळीही नाही.

पाण्याच्या उष्णतेकडे मात्र विनोदाने बघता येत नाही. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. तेच पाणी एकोणपन्नास अंशांचं असेल तर भाजायला काही मिनिटं लागतात, म्हणजे ओरडायला, बाजूला व्हायला सवड मिळते. आपले गीझर साठच्या पुढे सर्रास लावलेले असतात, कारण एका टाकीत सगळ्या घराला पुरवायचं असतं. त्यात अशा हळव्या कातडीच्या काही मुलांचं उलटं असतं: हलका स्पर्श असह्य, पण चटका चटकन कळतच नाही. अशा मुलाने चुकून डावीकडचा कॉक पूर्ण फिरवला तर ते रडणारही नाही. म्हणून गीझरचा काटा खाली आणणं, बादलीत आधी गार नि मग गरम घेणं, आणि कोपर बुडवणं. कोपराला अजून पर्याय निघालेला नाही. एप्रिल-मेमध्ये तर गीझरही नको. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून उन्हात तापलेल्या पाइपातलं दुपारचं पहिलं पाणी असं काही येतं की चहा टाकावा.

बादलीत सोडायचा हीटरचा रॉड हा तर माझ्या मते घरात पाळलेला साप आहे. बटण बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावायचा हे मोठ्यांना माहीत असतं. मुलांना फक्त वाफ दिसते. आणि गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, ज्याला वास नाही, रंग नाही. आत गेलेलं माणूस गुंगी येऊन तिथेच पडतं. तो बाहेरच्या भिंतीलाच हवा. इतका वेळ बादलीचं कौतुक केलं, तर हेही सांगायला हवं की रांगत्या, नुकत्या उभ्या राहणाऱ्या बाळाला अर्धी भरलेली बादली विहिरीइतकी वाईट. डोकं जड, वाकून बघतं आणि आत जातं, आवाजही होत नाही. आंघोळ संपली की बादली उपडी.

मग आम्ही बाथरूम सुधारायला घेतलं. प्लंबर आला. त्याला वाटलं मोठं काम निघालं, त्याने रेन शॉवरची माहिती द्यायला सुरुवात केली, ताटाएवढा, छतात बसणारा.

"तो नको," मी म्हटलं. "टेलिफोन शॉवर लाव. आणि कॉक खाली आण, पोराच्या हाताला येईल असा."

"काकू, पोराच्या हाताला नको, पाणी फुकट घालवेल."

"घालवू दे. गावात कमी आहे का?"

"गरमचा कॉक?"

"तो वरच ठेव. माझ्या हाताला येईल असा."

तो डोकं हलवत कामाला लागला. धरायला भिंतीत एक स्टीलचा दांडा बसवला, तो मुलासाठी म्हणून. आता तो सर्वात जास्त जाऊबाई वापरतात, गुडघ्यांसाठी. पायाखाली शेवाळ धरणार नाही अशी खरखरीत रबरी चटई, पण तिचे उंचवटे चिरंजीवांच्या तळव्यांना पसंत पडेनात, म्हणून बदलून दुसरी, सपाट. आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असा लॅच. फिनेलने मोरी धुवायची ती रात्री, म्हणजे सकाळपर्यंत वास उडतो. साबण बिनवासाचा. पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळसर. पावसाळ्यात गढूळ पाणी गाळायला आम्ही नळाला फडकं बांधतोच. ते लांब करून बादलीच्या तळाशी पोचवलं तर पाणी फडक्यावरून घसरत उतरतं आणि आवाजच होत नाही, हा शोध मात्र जाऊबाईंचा. त्यांना त्याचं श्रेय लेखी हवं होतं, ते इथे दिलं.

बादली भरून, पंखा बंद करून, मग मुलाला आत बोलवायचं. दारावर भाचीने चित्रं काढून चिकटवली: पाय, पोट, हात, पाठ, डोकं, टॉवेल. एकेक झालं की तो त्यावर बोट ठेवतो. शेवट कुठे आहे हे दिसत असलं की मधलं सोसायला बळ येतं. हे मोठ्यांच्या सभांनाही लागू करायला हरकत नाही. डोक्यासाठी पोहायचा चष्मा आणि कपाळावर घडी केलेला पंचा, मान मागे न टाकता. पाणी तोवरच, जोवर आपण मोठ्याने दहा म्हणतोय. इथे एक पथ्य कडक पाळावं लागतं. मोठी माणसं आकड्यांत फार लबाडी करतात. फेस उरलेला दिसला की नऊ, साडेनऊ, पावणेदहा असं सुरू होतं. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी ते पकडलं आणि खेळ थांबवला. तेव्हापासून नऊनंतर दहाच, फेस राहिला तर राहिला. तो म्हणाला "थांब" तर थांबायचं, हाही करार. जाऊबाईंना तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, मग हा पहिल्या तांब्यालाच थांब म्हणेल. तो म्हणाला. त्या थांबल्या. त्याने खात्री करून घेण्यासाठी परत म्हटलं. त्या परत थांबल्या. एकदा खात्री पटल्यावर त्याला तो शब्द वापरायची गरजच कमी पडायला लागली. जाऊबाई याला माझा विजय मानत नाहीत; त्यांच्या मते पोरगं मोठं झालं, बस.

टॉवेलने पुसायचं नाही, गुंडाळून दाबायचं. हे दाबणं त्याला इतकं आवडतं की आता ते पाच मिनिटं चालतं, आणि ज्या घरात आंघोळ सुरू करणं हे संकट होतं तिथे ती संपवणं हे काम होऊन बसलं आहे. यात नवल नाही म्हणे. एकीकडे थेंब न सोसणारी मुलं, दुसरीकडे घट्ट दाब, खोल पाणी यांची भूक असलेली, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच मुलात. वाकण फाट्यावरून पालीकडे वळलं की उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. बल्लाळेश्वराला जाणारे लोक तिथे पाय बुडवतात, काही गळ्यापर्यंत उतरतात. आम्ही त्याला नेलं ते भीतभीतच. वास त्याला मुळीच मानवला नाही, नाक धरून लांब उभा राहिला, "कुणीतरी अंडं विसरलंय" असं जाहीर केलं. पण काठावर बसून एक म्हातारे गृहस्थ अगदी बेताबेताने पाऊल पाण्यात घालत होते, काढत होते, परत घालत होते. चिरंजीवांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "मावशीआजी, त्यांना पण आधी पायांवर लागतं."

आंघोळीचं तूर्त असं जमत आलं आहे. टेलिफोन शॉवर तो स्वतःच्या हातात धरतो. आधी भिंत भिजवतो, मग बादली, मग मला, आणि उरलं तर स्वतःला. प्लंबरचं भाकीत पाण्याच्या बाबतीत खरं ठरलं.

केस कापण्याचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. कात्री चालते, पण मशीनचा आवाज चालत नाही, आणि मानेवर पडणारे केस तर अजिबात नाहीत. बाजारातल्या सलूनवाल्याशी बोलणी चालू आहेत. तो म्हणतो, मंगळवारी दुकान बंद असतं, तेव्हा आणा, टीव्ही बंद ठेवतो, कॉलरला ओला पंचा लावतो. पण खुर्ची वर-खाली करायचं पॅडल कुणाच्या पायाखाली असणार, यावर चिरंजीवांनी आधी लेखी उत्तर मागितलं आहे.